खाप्याचे रोशा-तेल

आमच्या घरात आजही सांगतात की, खाप्याच्या तेलवाल्याला मी भेसळखोर ठरवले आणि नंतर तोंड लपवले. धाकटा भाऊ त्यात भर घालतो: दुकानातले स्पिरिट मी प्यायलो आणि बाटलीत पाणी भरले! सांगणाऱ्यांपैकी एकही त्या दिवशी तिथे नव्हता. मी होतो.

सत्तरच्या दशकात नागपूरच्या सदर भागातल्या अत्तर-इसेन्सच्या एका दुकानात मी माल पारखून घेत असे. गुलाब सरबताचा घोट घेऊन ज्या सुवासाने गिऱ्हाईक डोळे मिटी, तो सुवास बहुधा रोशा नावाच्या रानगवताचा असे. गुलाबाला वास देणारे जिरॅनिऑल या गवताच्या तेलात भरपूर असते. तेल गुलाबापेक्षा कितीतरी स्वस्त, पण रॉकेल त्याहून स्वस्त. म्हणून माझा कोणावरच विश्वास नसे. काचनळीत एक माप तेलात तीन मापे सत्तर टक्क्यांचे, म्हणजे बाकी पाणी असलेले, स्पिरिट घालायचे. शुद्ध तेल नितळ विरघळते. रॉकेल मिसळलेले दुधाळते.

तेलवाला खाप्याचा, कन्हान नदीच्या काठी गवताचे तेल काढायची तांब्याची भट्टी लावणारा शेतकरी होता. दिवाळीआधी तो मोसमातला पहिला डबा घेऊन आला. काचनळी दुधाळली.

"रॉकेल," मी म्हणालो.

"काहून जी? वास घेऊन तर पाहा. नाक हाये ना तुमच्यापाशी?"

"नाक फसते. नळी फसत नाही."

"मंग दुकानात नळीच बसवा. तुमाले काहून पगार देऊन राहिले?"

गिऱ्हाइके हसली. मालक हसले नाहीत. यापुढे याचा माल घ्यायचा नाही, असे त्यांनी सर्वांदेखत सांगितले. सदरमध्ये एका दुकानाने भेसळवाला म्हटले की दुसरे दारात उभे करीत नसे, आणि याने तर साऱ्या मोसमाचे गवत कापून ठेवले होते.

"माह्या भट्टीवर या," तो मला म्हणाला. "तुमच्या डोयादेखत काढून देतो."

मी गेलो, तोही संशय घेऊनच. गवत उकळायची देग आतून तपासली, रिकामी भांडी हुंगली, गवताचे भारे उलटेपालटे केले. तेल उतरले तसे बाटलीत भरून लाखेने मोहोरबंद केले आणि सावनेरमार्गे बसमधून मांडीवर धरून आणले. दुसऱ्या दिवशी दुकानात मोहोर फोडली. नळी पुन्हा दुधाळली.

बाटली बदलली, हा माझा पहिला संशय. पण मोहोर माझी होती, अभंग होती. तेव्हा कुठे माझी नजर स्पिरिटकडे गेली. ती बाटली गेल्या मोसमात उघडलेली. टिनाच्या छपराखाली, वरच्या फळीवर तिने नागपूरचा अख्खा उन्हाळा काढला होता. त्या उष्म्यात स्पिरिट आधी उडते, पाणी मागे राहते. असे कमजोर स्पिरिट शुद्ध तेलालाही विरघळवू शकत नाही. मी नवी बाटली उघडली. हे तेल आणि पहिल्या डब्यातला ठेवून घेतलेला नमुना, दोन्ही नितळ राहिले.

बूच मी घट्ट लावले होते. ते कोणी सैल केले ते कळले नाही. त्या वर्षी दुकानात वावरलेल्या प्रत्येकावर माझा संशय आजही आहे. पण तेल पारखण्याआधी स्पिरिट पारखणे माझे काम होते, आणि ते मी केले नव्हते.

मी खाप्याला गेलो. भट्टीवरच्या मजुरांसमोर म्हणालो, "तेल शुद्ध होते. चूक माझी."

तो जाळ सारत राहिला. "या मजुरायले ते मालूमच हाये जी. सदरात सांगा."

सांगितले. त्याला बरोबर घेऊन चार दुकानांत स्वतः नळी धरली आणि चारही ठिकाणी माझी चूक बोलून दाखवली. यालाच जर तोंड लपवणे म्हणत असतील, तर म्हणोत. चौथ्या दुकानदाराने त्याचा माल लावून घेतला.

महिन्याभराने आमच्या मालकांनी त्याला निरोप धाडला. तो आला, पण पायरी चढला नाही.

"माल संपला जी," तो म्हणाला.

त्याच्या पायाशी डबा होता, काठोकाठ भरलेला. झाकणाच्या कडेने तेल पाझरत होते आणि पायरीपर्यंत गुलाबाचा वास येत होता. मालक आत गादीवर होते, त्यांना डबा दिसत नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"संपला म्हणतो," मी म्हणालो.