सवाष्णीच्या डोक्याला वस्तरा

आई न्हाऊन आली की तिच्या केसांचा गुंता सोडवायचं काम माझ्याकडे असे, म्हणून तिला चाई पडली हे सगळ्यांत आधी मलाच कळलं. कानामागे रुपयाएवढा एक गोल बोटाला लागला. गुळगुळीत, जणू तिथे कधी केस उगवलेच नव्हते. "आई, इथं केसच न्हाईत," मी म्हटलं. तिने बोट लावून पाहिलं आणि तेल कोणतं लावू, कुणाला विचारू, यातलं काहीच न विचारता म्हणाली, "बाबा कोणत्या गावाला गेल्ते गं आज?"

निजामाच्या अमलातली गोष्ट. बाबा अंबडच्या तहसिलीत गिरदावर होते. पिकांची पाहणी करत तट्टावरून गावोगाव हिंडायचे आणि महिन्यातले निम्मे दिवस घराबाहेर असायचे. मागे घरात आई, मी आणि आत्या. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच नवरा गेला आणि ती कायमची आमच्याकडे आली. दर पंधरवड्याला न्हावी मागच्या दाराने यायचा, परसात तिला पाटावर बसवून वस्तऱ्याने तिचं डोकं करून जायचा. आमच्या आळीतल्या बायकांचं गणित त्यामुळे सरळ होतं. नवरा गेला की केस जातात. आईने ते उलटं मांडलं. केस चालले आहेत, म्हणजे पाठोपाठ नवराही जाणार. हा शुद्ध वेडेपणा होता हे आज मी ठणकावून सांगते. तेव्हा मात्र बाबांचं तट्टू दिसेपर्यंत मीही दाराशी घिरट्या घालत असे.

मग उपाय सुरू झाले. कांदा चोळला. सहाणेवर गुंज उगाळून तिचा लेप दिला. एका गोलाचे तीन झाले, तिनांचे किती ते मोजायचं मी सोडून दिलं. आळीत एक काकू होत्या, त्यांना सगळ्या दुखण्यांवरचं औषध ठाऊक असायचं आणि ते न विचारता सांगायची खोडही होती. त्या म्हणाल्या, "कीड लागली हाये. बिब्बा लावा, बराबर मरंल." आमच्याकडे पायात काटा मोडला तरी बिब्बा आणि भेगा पडल्या तरी बिब्बा, त्यामुळे कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. तापवलेल्या बिब्ब्याचं तेल आईच्या टाळूवर लावलं. रात्रीतून तिथे फोड आला, सकाळी तो फुटला आणि पुढे कितीतरी दिवस वाहत राहिला. काकू पाहायला आल्या, वाकून बघितलं आणि समाधानाने म्हणाल्या, "पाणी येऊन राह्यलं ना? कीड मरून राह्यली." मला त्यांच्या हाताला कडकडून चावावंसं वाटलं.

चैत्र येईतो आईच्या डोक्यावर इथे एक बट, तिथे एक बट एवढंच उरलं. खोट्या केसांचं गंगावन लावायचं म्हटलं तरी ते अडकवायचं कशाला? ती पदर कपाळापर्यंत ओढून वावरायची. हळदीकुंकवाची बोलावणी आमच्या शेजारच्या दारापर्यंत यायची आणि आमचं दार सोडून पुढे जायची. विचारलं तर उत्तर गोड असायचं, "तुमच्या आईला बरं न्हाई ना, म्हणून म्हटलं कशाला त्रास." आई ऐकून घ्यायची आणि आरशासमोर बसून आधीच्या कुंकवावर पुन्हा कुंकू रेखायची.

एकदा वळवाचा पाऊस झाला आणि बाबा वडीगोद्रीला अडकून पडले. तसा निरोप काही आला नाही. आई उंबऱ्यावर बसली ती उठेचना. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा चिखलाने माखून दारात उभे राहिले, तेव्हा तिने त्यांचे पाय धरले आणि पदर मागे टाकून सगळं डोकं दाखवलं. "हे तुमच्या जिवावर बेतणार हाये," ती रडत म्हणाली. इतके महिने तिने ते त्यांच्यापासूनही लपवलं होतं. बाबा आधी हसले. मग तिच्या टाळूवरची जखम त्यांना दिसली आणि त्यांचं हसू गेलं. पुढच्याच आठवड्यात बैलांची दमणी जोडून त्यांनी आम्हाला जालन्याला एका हकीमसाहेबांकडे नेलं.

हकीमसाहेब म्हातारे होते, मेंदी लावलेल्या दाढीचे. त्यांनी आईला उजेडात बसवलं, एका गोलाच्या कडेचा केस चिमटीत धरून ओढला. तो अलगद निघून आला. "कीडा बिलकुल नहीं," ते म्हणाले, "जड जिंदा है." केसांचं मूळ अजून जिवंत होतं. बिब्ब्याच्या जागेवर बोट ठेवून मात्र त्यांनी मान हलवली. तिथलं मूळच जळालं होतं. बाकीच्या जागेवर रोज लेप द्यायचा, पण त्याआधी उरलेले केस पूर्ण उतरवायचे, नाहीतर लेप कातडीला लागणार नाही. आईने हे ऐकलं आणि घाईघाईने पदर ओढला.

न्हाव्याला बोलावलं. त्याने आईकडे पाहिलं, हत्यारांची धोकटी खाली ठेवली आणि हात जोडले. "मालक, बाईसाहेबांच्या कपाळाला कुकू हाये. सवाष्णीच्या डोक्याला वस्तरा मी न्हाई लावणार. मला बी लेकरंबाळं हायेत." त्याचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. भीती त्यालाही होतीच. आत्या दारातून कडाडली, "माझ्या एकटीचं डोकं पुरे हाये ह्या घराला. नको तो लेप अन् नको तो हकीम."

बाबा आत गेले आणि स्वतःच्या दाढीचा वस्तरा घेऊन आले. आई भिंतीला टेकली. "तुम्ही असताना?" तिच्या तोंडून एवढंच निघालं.

"मी हाये म्हणूनच," बाबा म्हणाले. "मी नसतो तर कुणी हात जोडले नसते."

परसात नाही, माजघरात पाट मांडला. आईने कुंकू लावून घेतलं आणि बसली. कोमट पाण्याचं भांडं मी धरलं होतं. बाबा वस्तऱ्याच्या दर ओढीला थांबून विचारत होते, "लागतंय का?" आई डोळे गच्च मिटून नाही म्हणत होती. आत्या दाराशी उभी राहून पाहत होती. तिचं ओरडणं केव्हा थांबलं ते कळलंच नाही.

लेप रोज लागला. बाबा फिरतीवर गेले की आई अजूनही उंबऱ्यावर बसे. आधी पांढरी लव आली, ती पाहून आई आणखीच घाबरली, मग हळूहळू काळे केस उगवले. टाळूवरची जागा तेवढी उघडीच राहिली. केस लेपाने आले की यायचेच होते म्हणून आले, मला सांगता येणार नाही.

आत्याचा न्हावी मात्र नेमाने येत होता. एका पंधरवड्याला तिने त्याला दारातूनच परत पाठवलं आणि बाबांसमोर येऊन बसली.

"इथून पुढं माझं बी तूच करत जा," ती म्हणाली. "तो मान लई दाबतो रे. तू हिला इचारत होतास ना, लागतंय का म्हणून. मला कुणी इचारलंच न्हाई."

बाबा म्हणाले, "अक्का, वाढू दे की आता."

"ह्या वयात न्हाई जमायचं मला. तू नुसतं हळू कर."

बाबांनी वस्तरा घेतला, पण त्यांना तो धरवेना. इतकी वर्षं न्हाव्याला निरोप तेच धाडत होते. तेव्हा आई उठली. पदर खांद्यावर पडला होता, तो तिने सावरला नाही. बाबांच्या हातून वस्तरा घेऊन ती आत्याच्या मागे बसली.

"वन्सं, मान अशीच वर राहू द्या," ती म्हणाली. "मला बराबर दिसतंय."