अंगणातला चायना संत्रा

समस्त बालाघाटकरांना अत्यंत गांभीर्याने कळवतो, की माझ्या अंगणातल्या शोभेच्या चायना संत्र्याला चौथ्या वर्षीही फळ धरलेलं नाही. बायकोने निर्वाणीचं सांगितलं होतं: दिवाळीपर्यंत संत्री, नाहीतर कुऱ्हाड.

किरनापूरकडून सायकलवर रोपं विकायला एक माणूस रोज येतो. नाव मी कधी विचारलं नाही. कुठलंही झाड दिसलं की तो पान चुरगळतो आणि डोळे मिटून हुंगतो. परवा मी त्याला ऐटीत आत बोलावलं.

त्याने पान हुंगलं, बुंधा चाचपला. "काकाजी, इथं कलम होतं. थे कुठी गेलं?"

"थे मरतुकडी फांदी? लावली त्याच वर्षी मीच छाटली," मी छाती फुगवून म्हणालो. "खालून पाहा कसे जोमदार फुटवे आले! चार वर्षं त्यायलेच शेणखत घातलं."

संत्र्याची फांदी जंबेरी नावाच्या रानटी लिंबाच्या बुंध्यावर बांधतात, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे उरली होती नुसती जंबेरी. ओसरीवर बायको उभी होती, म्हणून त्या भल्या माणसाने हसू लपवायला गमछा तोंडावर धरला; पण त्याला राहवलं नाही.

"काकाजी, नवरदेवाले हाकललं अन् चार वर्षं घोड्यालेच जेवू घातलं न तुम्ही!"