नुसतं ‘सुनीताताई’

१८ ऑगस्ट, सोमवार. घरोघरी जाऊन आजाऱ्यांची काळजी घेणाऱ्या बायकांसाठी आमच्या संस्थेचा कोर्स आहे. त्याच्या ऑनलाइन पानावर अकरा व्हिडिओ चढवायचं काम माझ्याकडे होतं. त्यातले सात माझेच, बाकीचे डॉक्टर आणि इतरांचे. पेशंटला कुशीवर कसं वळवायचं, अंग कसं पुसायचं, झोपलेल्या माणसाखालची चादर कशी बदलायची. वीस वर्षं हेच केलंय.

प्रत्येक व्हिडिओखाली शिकवणाऱ्याचं नाव हवं होतं. टाकत होते. कोर्स बघणाऱ्या मॅडम खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

“अहो ताई, आडनाव कशाला?”

“बाकीच्यांचं टाकलंय की.”

“त्यांचं वेगळं. तुमचं नुसतं ‘सुनीताताई’ राहू दे. घरच्यासारखं वाटतं.”

“मग डॉक्टरांचं नुसतं ‘दादा’ करू?”

त्या हसल्या. “तुम्ही पण ना! मी मानत नाही हो असलं काही. पण लोक बघतात, आपल्या माणसाला हात कोण लावणार ते.”

ऑफिसात आणखी तिघं होती. तिघांनी आपापल्या स्क्रीनकडे बघितलं. मी ‘कांबळे’ खोडलं. सात वेळा. माझ्याच बोटाने.

जातीचं नाव कोणी घेतलं नाही. घ्यावं लागतच नाही.

व्हिडिओ नीट चढलाय का, हे लावून बघावं लागतं. हेडफोन घातला. पहिला व्हिडिओ, ‘घरातला पहिला दिवस’. स्क्रीनवर मी, इस्त्रीच्या साडीत. सांगतेय, “नाव विचारलं तर नुसतं पहिलं नाव सांगायचं. ‘ताई म्हणा’ म्हणायचं. जास्त खोलात शिरायचं नाही.”

परत लावला. मीच बोलत होते.

हे मी ठाण्याला, कोपरीत शिकले. एका आजींकडे नवीनच लागलेले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेनं आडनाव विचारलं. सांगितलं. “अच्छा,” म्हणाली. दुपारी माझा ग्लास ओट्यावरून बाथरूमबाहेरच्या कोनाड्यात गेला. आजींचं हगणं-मुतणं मी काढायचे, ते चालत होतं. माझं तोंड लागलेला ग्लास चालत नव्हता. पुढच्या घरापासून आडनाव सांगणंच बंद केलं. त्याला हुशारी म्हणत आले. आणि बॅचमागून बॅच, कळव्या-दिव्याच्या पोरींना तीच हुशारी शिकवत आले.

मॅडम आज वेगळं काय म्हणाल्या? माझाच धडा.

घरी चैन पडेना. भाजी करपली. मुलगी म्हणाली, “आई, कुठे आहेस तू?” म्हटलं, “काम राहिलंय.”

मंगळवारी सकाळी ऑफिस उघडताच गेले. पहिला व्हिडिओ काढून टाकला. मोबाइल स्टँडला लावून नवा केला. “माझं नाव सुनीता कांबळे. घरात गेल्यावर पूर्ण नाव सांगा. त्यावरून वागणूक बदलली, तर त्याच दिवशी काम सोडा आणि संस्थेत येऊन सांगा. दुसरं काम मी बघते.” तो चढवला. सातही ठिकाणी आडनाव परत टाकलं.

मॅडम आल्या. पान बघितलं.

“ताई, हे काय? काढा ते.”

“काढायचं तर सातही व्हिडिओ काढा. आडनावाशिवाय माझा एकही राहणार नाही.”

“नोकरीचा विचार केलात का?”

“केला. म्हणूनच लवकर आले.”

त्या फोन लावत होत्या. कुणाला, ते विचारलं नाही. नवी बॅच वर्गात बसली होती, चौदा पोरी. जाऊन हजेरी घेतली. एकेकीला उभं करून, नाव-आडनावासकट, मोठ्याने. एक पोरगी पहिलं नाव सांगून खाली बसली. तिला परत उभं केलं.