झोपेतला पाय

दुपारी माझ्या खोलीतला दत्ता झोपेत कबड्डी खेळत होता. ओठ "कबड्डी, कबड्डी" पुटपुटत होते आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेला पाय चादरीखाली हळूच ताणला जात होता. जागेपणी फिजिओ मॅडम विनवून थकतात, पण त्या पायाची मांडी जराही हलत नाही. मग आत्ता तो पाय कुणाचं ऐकत होता? आपण झोपलो की अंगात दुसरंच कुणी उठत असेल काय?

माझाही गुडघा तसाच. नववीत शाळा सोडून या पायांवर एवढ्या लांब आलो. आमच्या कबड्डी संघानं ऑपरेशनचा खर्च केला, उपकारच त्यांचे. पण पाय उठलाच नाही तर मला दुसरं काय येतं?

दत्ता जागा झाला. मी पाहिलेलं सांगितलं, तसा हसला, "भूत बसलंय होय माझ्या पायात?"

"असेल तर बरंच की. आता मी झोपतो. तू माझ्या पायाकडे बघत बस."