होडीच्या रंगाची गाडी

आईची एकच इच्छा होती. आचऱ्याला माहेरच्या देवाच्या उत्सवाला एकदा तरी एसटीनं न जाता लेकाच्या गाडीनं जायचं, आणि तेही गाडीवाल्या मामाच्या डोळ्यांदेखत.

गाडी मी घेतली, पण जुनी. खाऱ्या वाऱ्यानं तिचे पत्रे खाल्ले होते. कुडाळच्या गॅरेजवाल्यानं रंगाचा खर्च सांगितला आणि मला घाम फुटला. मग स्प्रेचे डबे आणले. अर्धा रंग वाऱ्यानं माडाला लागला. शेवटी शेजारचे काका पुढे सरसावले. त्यांचा जन्म होड्या रंगवण्यात गेलेला. समुद्रात टिकतो तो रंग रस्त्यावर टिकणार नाही काय, असा त्यांचा सवाल. मला लगेच पटलं. फुकटातली गोष्ट मला नेहमीच लगेच पटते.

आधी गंज घासूया म्हटलं, तर काकांनी मला वेड्यात काढलं. लाकडाच्या होडीला कुठला आलाय गंज! म्हणून आम्ही घासलाच नाही. होडीला देतात तसा निळा रंग ब्रशनं चांगला जाड थापला. फराटे दिसत होते, दाराला डास चिकटले होते, पण लांबून, म्हणजे बऱ्यापैकी लांबून, गाडी झकास दिसायची. जाड रंग वरून साय धरतो आणि आत ओलाच राहतो, ही अक्कल नंतर आली.

आचऱ्याला मामाच्या घरापुढच्या खळ्यात गाडी थांबली तोवर उन्हानं बॉनेटवर फोड आले होते. आई दार धरून उतरली आणि तिचा तळवा निळा झाला. मामानं गाडीला एक प्रदक्षिणा घातली, नखानं रंग टोकरला आणि चारचौघांत विचारलं, ही बंदरावरून ओढून आणलीस की काय. सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं वाट बघून आईच्या पदरात मी हे हसं टाकलं होतं.

आईनं हात पुसला नाही. तसाच भावापुढे धरला.

"बग, रंग अजून ओलो आसा. माझ्या झिलान स्वतःच्या हातान दिल्यान. तुझ्या गाडयेक कोणी दिल्यान?"

देवळात निघताना आई पुढच्या सीटवर बसली आणि मामाला म्हणाली, मागे बस. नवा पांढरा लेंगा सांभाळत तो मुकाट बसला.