करून राह्यलो

आधी माफी मागतो. लोकांनी वाचावं असं माझ्याकडे फार काही नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि लिहिणं म्हणजे पेपरात लिहितात तेवढंच मला ठाऊक. त्यातून ही गोष्ट एका ब्राउझरची. ती सांगण्यासारखी आहे की नाही, हेही मला नीट कळत नाही. पण मागच्या हिवाळ्यातला तो आठवडा डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो.

चामोर्शीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मला पुण्याच्या एका ऑफिसचं काम मिळालं होतं. आमच्या भागातल्या शेतकऱ्यांचं बोलणं त्यांनी रेकॉर्ड केलं होतं. ते ऐकून जसंच्या तसं टाइप करायचं. तिकडच्या लोकांना आमची झाडीची बोली कळत नव्हती. सुरुवातीचे काही दिवस काम पारखायचे, पसंत पडलं तर वर्षभरासाठी पक्कं. ऑफिसचं सगळं बोलणं एका चॅट ॲपवर चालायचं. काम देणं, विचारणं, फाईल पाठवणं, सगळं तिथेच. काम देणाऱ्या मॅडमना मी कधी पाहिलं नाही आणि त्यांचा फोन नंबर मागायची हिंमत झाली नाही.

माझ्या जुन्या फोनवर ते ॲप बसत नव्हतं. बाजाराजवळच्या ऑनलाइन सेंटरवाल्या भाऊंनी कोपऱ्यातला एक जुना संगणक मला वापरायला दिला होता. त्यावर ब्राउझरमधून ते उघडायचं.

धान घरात आलं की आमच्या गावचे बरेच लोक तेलंगणात मिरची तोडायला जातात. मुकादमाची गाडी गावातून एकदा निघाली की उन्हाळा लागल्यावरच परत येते. बाबांनी मला शांतपणे सांगून ठेवलं होतं, "तुही नवकरी पक्की झाली त इथीच राह्य, कालेज कर. नाई त आमच्यासंगं चाल. मी मुकादमाले नाव सांगून ठेवलं हाय." गाडी शनिवारी सकाळी निघणार होती. मी गेलो तर कॉलेजची परीक्षा बुडणार होती, आणि एकदा बुडालेलं कॉलेज आमच्या गावात पुन्हा कोणी सुरू केल्याचं मी पाहिलेलं नाही.

सोमवारी सेंटरवर जाऊन पाहतो तर पान कोरं. वर एकच ओळ: हा ब्राउझर आता चालणार नाही, नवीन घ्या. नवीन घ्यायला गेलो तर संगणक म्हणाला, माझ्यावर नवीन बसत नाही. मी दोनदा सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं. भाऊ खुर्चीवरूनच बघत होते. म्हणाले, "माही फटफटी म्हातारी झाली, पण रस्ता तिले मना नाई करत. हे तुहं पुण्याचं पान लय शिष्ट हाय गा."

मग त्यांनीच त्या संगणकावरचा दुसरा एक ब्राउझर उघडून दिला. त्यात पान उघडलं. मॅडमचा प्रश्न दिसला: "शेवटची फाईल झाली का?" माझा जीव भांड्यात पडला. मॅडमना लिहिताना मी नेहमी पुस्तकातलं मराठी लिहायचो, एकेक शब्द तपासून. त्या दिवशी घाईत घरचंच आलं. मी लिहिलं, "करून राह्यलो." आमच्याकडे त्याचा अर्थ सरळ आहे: करतो आहे, हात कामातच आहे.

ओळ गेली. संध्याकाळपर्यंत काम पुरं झालं. पण फाईल जोडली की नुसतं चाक फिरायचं. मॅडमचं उत्तरही आलं नाही. मंगळवारी चाक तसंच. बुधवारी मी लिहिलं, फाईल तयार आहे, जात नाही. तेही गेल्यासारखं दिसलं, आणि खाली काही नाही. मला वाटलं, रागावल्या असतील. मोठ्या माणसाला पुन्हा पुन्हा विचारू नये म्हणून मी गप्प बसलो. त्या ब्राउझरमध्ये पहिल्यांदा उघडल्यानंतरच्या नव्या ओळी उतरतच नव्हत्या, हे माझ्या ध्यानात आलं नाही. दार अर्धं उघडं होतं आणि मी ते पुरं उघडं समजत होतो.

शुक्रवारी घरी आई तांदळाचं गाठोडं बांधत होती. माझी चादर तिने गाठोड्याजवळ ठेवली होती, आत घातली नव्हती आणि उचलूनही ठेवली नव्हती. मी सेंटरवर गेलो तेव्हा भाऊ वैतागले. "काऊन बसून राह्यला इथी? गडचिरोलीले जा. तिथी नवे संगणक हायेत."

मी फाईल पेन ड्राइव्हमध्ये घेतली आणि एसटी पकडली. गडचिरोलीच्या स्टँडजवळ एका दुकानात बसलो. पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा पान उघडलं, आणि न वाचलेल्या ओळी एकाखाली एक दिसू लागल्या.

सोमवारची होती: "राहिलं? मग आधी का नाही सांगितलं?" त्याखाली: "कधी होईल ते तरी कळवा." मंगळवारची: "तुमचं उत्तर नाही. काम अडलं आहे." माझे कान तापले. बाजूला एकजण झेरॉक्स काढत होता, तो माझ्याकडे बघायला लागला. मग ऑफिसातल्याच कोणा नागपूरच्या मुलाने लिहिलं होतं, "मॅडम, त्याचं राहिलेलं नाही. 'करून राह्यलो' म्हणजे करतो आहे." आणि त्याखाली मॅडमची: "मग माझीच समजण्यात चूक झाली. तुमचं काम चांगलं आहे. आज फाईल द्या, तुमचं पक्कं करते."

मी तारीख पाहिली नाही. पेन ड्राइव्ह लावला, फाईल जोडली. चाक फिरलंच नाही, एका क्षणात ती गेली. पाठवल्याबरोबर पान आपोआप तळाला सरकलं. तिथे माझी फाईल होती, आणि तिच्या बरोबर वर मॅडमची शेवटची ओळ, गुरुवारची:

"बुधवारपर्यंत वाट पाहिली. तुमचा निरोप मिळाला, फाईल नाही. ते काम आता भंडाऱ्याच्या एका मुलीला पक्कं केलं आहे. पुढच्या वर्षी निघालं तर आधी तुम्हाला विचारीन."