खंडूचं पनीर आणि आमची सोयरीक

मुलीच्या होणाऱ्या सासूबाईंना पहिल्याच भेटीत सोफ्यावरून उठवलं ते आमच्या कुत्र्याने, पण चूक माझी होती.

खंडू तेरा वर्षांचा. गुडघे दुखायचे म्हणून दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं, त्याच्या चालीने फिरवा आणि खाऊ घरात लपवून वासाने शोधायला लावा. नाकाला काम मिळालं की डोकंही ताजं राहतं. फिरवणं जमलं. लपवण्यात मात्र मी जरा जास्तच रमलो. (निवृत्त माणसाला कोणी काम दिलं की असं होतं.) पनीरचे तुकडे चपलांत, पायपुसण्याखाली, पेपरच्या गठ्ठ्यात! पंधरा दिवसांत खंडू शेपूट हलवत घरभर हुंगत फिरायला लागला.

त्या रविवारी सकाळी मी आठ तुकडे लपवले. खंडूने सहा शोधले आणि तो झोपला. उरलेले दोन कुठे ठेवले, हे मला काही केल्या आठवेना.

संध्याकाळी शनिवार पेठेतून आमच्या वारज्याच्या घरी आमच्या मुलीच्या, मुक्ताच्या, मित्राचे आईवडील आले. लग्न त्या दोघांनी ठरवलंच होतं, आता थोरामोठ्यांचा होकार हवा होता. त्याची आई मालतीबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. मुक्ताने मला आधीच कमी बोलायला बजावलं होतं, म्हणून मी नुसता हसत होतो. एवढ्यात, वर्षभर कुठल्याही पाहुण्यासाठी न उठलेला खंडू उठला, थेट मालतीबाईंकडे गेला आणि त्यांच्या पाठीमागच्या उशीत नाक खुपसून त्यांना ढकलू लागला.

मालतीबाई शांतपणे उभ्या राहिल्या.

"पाहुण्यांना निघा म्हणायची ही वारज्याकडची पद्धत का?"

मुक्ताचा चेहरा पडला. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी सगळं खरं सांगून टाकलं. तोवर खंडूने सातवा तुकडा संपवला होता.

"आणि आठवा?" मालतीबाईंनी शाळेतल्या आवाजात विचारलं.

मी मान खाली घातली. तेव्हा त्यांचे यजमान संकोचून म्हणाले, "मी मघापासून कसल्यातरी ओलसर गोष्टीवर बसलोय. म्हटलं, पहिल्याच भेटीत कसं बोलावं."

ते उठले. आठवा तुकडा सापडला, बराच चपटा झालेला. मालतीबाई खळखळून हसल्या आणि चक्क फरशीवर बसून त्यांनी तो खंडूला भरवला. मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवत हळूच म्हणाल्या, "आमच्याकडेही कुत्री होती, राणी. शेवटची दोन वर्षं नुसती पडून होती हो. आम्हाला वाटलं, म्हातारपण म्हणजे असंच. हे असलं काही करायचं असतं, हे कोणी सांगितलंच नाही."

होकार तिथेच मिळाला. मुक्ता त्या दिवशी खंडूच्या गळ्यात पडून रडली, आणि मीही त्याचे मनोमन आभार मानले.

आता दर रविवारी मी आणि खंडू मुक्ताच्या सासरी जातो. दारात मालतीबाई खंडूचे पाय पुसतात आणि माझे खिसे तपासतात.